दाढ उपटायच्या आधी त्या नसेचा पण विचार करा : डेंटिस्ट मंडळींना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या समस्त डेंटिस्ट डॉक्टरांना,

स. न. वि. वि.

मी एसटीत कंडक्टर आहे, डॉक्टरकीतलं माझं शिक्षण शून्य, त्यामुळे एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या. पण म्हणणं एकच आहे आणि ते सरळ आहे. गालात नाहीतर दाढेत करंट मारल्यासारखी कळ येते, क्षणात येते आणि क्षणात जाते, असं सांगणारा पेशंट तुमच्या खुर्चीत बसला आणि एक्सरेत दाढ चांगली दिसली, तर कृपा करून ती दाढ काढू नका, आधी ट्रायजेमिनल न्यूराल्जिया, म्हणजे चेहऱ्याच्या नसेचं दुखणं, आहे का ते बघा. चार प्रश्न विचारायला पाच मिनिटं लागतात हो. दाढ मात्र एकदा गेली की गेली.

तुम्हालाच का लिहितेय, न्यूरोवाल्यांना का नाही? कारण ह्या आजाराचं पहिलं दार तुमच्याकडेच उघडतं. तोंडात दुखतंय म्हटल्यावर कुठला माणूस उठून मेंदूच्या डॉक्टरकडे जाईल सांगा. आधी लवंगेचं तेल, मग मेडिकलमधून विचारून आणलेली गोळी, आमच्याकडं अजून आठवडी बाजारात रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातला किडा काढून दाखवणारे बसतात त्यांच्याकडं पण लोक जातात (आणि तो बाबा खरंच किडे दाखवतो वाटीत, ते येतात कुठून देव जाणे), आणि ह्यातल्या कशानंच भागलं नाही की मग तुम्ही. म्हणजे न्यूरोलॉजिस्टपर्यंत पेशंट पोचतो तोवर जे व्हायचं ते तुमच्या खुर्चीतच होऊन गेलेलं असतं.

माझं सांगते. थंडीचे दिवस, पहाटेची पहिली गाडी, दारातून वारं येत होतं, तिकीट विचारायला तोंड उघडलं आणि डाव्या बाजूला वरच्या दाढेतून नाकपुडीच्या कडेनं डोळ्याखालपर्यंत अशी सणक गेली की हातातलं मशीन सुटलं. दोन-तीन सेकंद असेल. समोरचा पॅसेंजर शंभरची नोट धरून उभा, त्याला वाटलं सुट्ट्यावरून बाई आता भांडणार. मग काहीच नाही, एकदम नॉर्मल, जणू काही झालंच नाही. अर्ध्या तासानं परत. नंतर नंतर असं व्हायला लागलं की बोललं की येते, भाकरी चावली की येते, ब्रश लावला की येते, तोंडावर पाणी मारलं की येते, आणि माझं तर कामच दिवसभर बोलायचं आणि दारातल्या वाऱ्यात उभं राहायचं. स्कार्फ बांधावा तर स्कार्फ गालाला लागला तरी कळ. तोंड धुताना उजवी बाजू धुवायची, डावी तशीच ठेवायची. भाकरी दुधात कुस्करून उजव्या बाजूनं गिळायची. दिराच्या मुलीच्या लग्नात नथ घातली नाही म्हणून चार बायकांनी विचारलं, आता त्यांना काय सांगणार की नाकाच्या त्या कडेला बोट लागलं तरी मी किंचाळेन.

ह्या काळात एका डॉक्टरांनी रूट कॅनॉल केलं. कळ तशीच. एखादा कॅनॉल राहिला असेल म्हणून परत उघडलं. मग ती दाढ काढली. मग दुसऱ्या गावच्या दुसऱ्या डॉक्टरांनी शेजारची काढली. एक्सरेत काही विशेष दिसत नाही असं दोघंही म्हणाले होते, हे मला आजपण समजत नाही, की दिसत नाही म्हणता आणि काढता कशाच्या जोरावर? गाडीचं इंजिन चांगलं आहे म्हणल्यावर आमचा मेकॅनिक इंजिन उतरवत नाही ओ.

बरं, ओळखलं कुणी, तर तेही एका डेंटिस्टनेच, म्हणून तर हे पत्र तुम्हाला. कुणीतरी सांगितलं म्हणून सरकारी डेंटल कॉलेजला गेले, तिथं ओरल मेडिसिन म्हणून तोंडाचे आजार तपासणारा एक विभाग असतो, तिथल्या शिकाऊ डॉक्टर मुलीनं तोंड उघडायलाच लावलं नाही आधी. खुर्चीत पण नाही बसवलं, समोर स्टुलावर बसवून म्हणाली, मावशी, कळ येते तेव्हा नेमकं कुठनं कुठं जाते ते बोटानं दाखवा. मी बोट गालापासून चार बोटं लांब धरून हवेतच रेघ काढून दाखवली. ती हसली आणि म्हणाली, तुम्ही हात लावला नाहीत, ह्यातच मला अर्धं कळलं. दाढ दुखणारा माणूस गाल दाबून धरतो, ह्या आजाराचा माणूस गालाला हात लागू देत नाही. मग कापसाचं टोक नाकपुडीच्या कडेला नुसतं टेकवलं आणि जे व्हायचं ते झालं. तिनं सॉरी म्हणून पाणी दिलं, ते पण कोमट. त्या मुलीकडे कुठलं मोठं मशीन नव्हतं, विचारायची सवय होती एवढंच.

आता ती नस काय भानगड आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, रोज भूल देता त्याच नसेच्या फांद्यांना देता. पण हे पत्र पेशंटच्या घरचे पण वाचतील म्हणून लिहिते. मेंदूतून नसांच्या बारा जोड्या निघतात, त्यातली पाचवी ही ट्रायजेमिनल, तिच्या तीन फांद्या, एक कपाळ आणि डोळ्याकडं, दुसरी गाल, नाकपुडी, वरचा ओठ आणि वरच्या दातांकडं, तिसरी खालचा जबडा, खालचे दात, हनुवटीकडं. चेहऱ्याला जे काही लागतं, टोचतं, गार लागतं ते मेंदूला सांगायचं काम हिचं. न्यूराल्जिया जास्त करून दुसऱ्या आणि तिसऱ्या फांदीत होतो, म्हणजे नेमका दातांच्याच पट्ट्यात, आणि म्हणूनच सगळा घोळ. ही नस मेंदूच्या मुळातून जिथं बाहेर पडते तिथं एखादी रक्तवाहिनी, बहुतेक वेळा सुपिरियर सेरेबेलर आर्टरी, तिला चिकटून बसते आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला घासते, आणि वायर पत्र्याला घासून वरचं रबर गेलं की शॉर्ट होतं तसं नसेवरचं आवरण तिथं झिजतं आणि साध्या स्पर्शाचा सिग्नल कळ होऊन जातो. सगळ्यांनाच रक्तवाहिनी सापडते असं नाही. काहींना मल्टिपल स्क्लेरॉसिस (नसांवरचं आवरण खराब करणारा मेंदूचा आजार) असतो, काहींना तिथं गाठ असते, त्यामुळे एकदा तरी एमआरआय करायलाच लागतो, आणि पेशंट चाळिशीच्या आतला असेल, दोन्ही बाजूला दुखत असेल, गाल बधिर पडला असेल किंवा त्याच बाजूला ऐकायला कमी येत असेल तर तो एमआरआय अजिबात लांबवायचा नाही.

म्हणजे बिघाड कानाच्या मागं कवटीच्या आत, आणि दुरुस्ती चाललीये दाढेत.

आणि हे आजचं नाही बरं का. माझी मुलगी बी फार्मला आहे, तिनं शोधून सांगितलं, १६७७ साली पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या बायकोला हेच झालेलं, तिला बघायला जॉन लॉक गेला होता, तोच तो तत्त्वज्ञ, तो डॉक्टरकी पण करायचा, आणि त्यानं पत्रात सगळं लिहून ठेवलंय, कळ कशी येते, बोलल्यावर कशी येते. आणि तो पोचायच्या आधी त्या बाईचे दात उपटून झाले होते, दुखणं तसंच! पुढं १७५६ साली फ्रान्सच्या निकोला आन्द्रेनं ह्या आजाराला नाव दिलं, १७७३ साली लंडनच्या फॉदरगिलनं नीट वर्णन केलं. लॉक पॅरिसला गेला त्या वेळी आपल्याकडं शिवाजी महाराज दक्षिणेच्या स्वारीवर होते. तेव्हापासून आजपर्यंत चांगले दात उपटणं चालूच आहे, आता भूल देऊन उपटतात एवढाच फरक.

तुमचीपण बाजू आहे, ती मला मान्य आहे. पेशंट स्वतःच बोट ठेवून सांगतो, हीच दाढ, काढा एकदाची. रडत सांगतो. नाही काढली तर उठून शेजारच्या क्लिनिकला जातो आणि तिथं काढून घेतो. शिवाय खरीखुरी किडलेली दाढ, चीर गेलेली दाढ, हिरडीत पू, हे सगळं तुम्ही रोज बघता, आणि न्यूराल्जिया त्यामानानं क्वचित, पुस्तकात वर्षाला लाखामागं ४ ते १३ नवे पेशंट असं सांगतात. पण मी हिशोबाची माणूस आहे, तीन लाख वस्तीचा तालुका धरला तर वर्षाला डझनभर तरी झाले ना, ते डझनभर लोक तालुक्यातल्या दहा-पंधरा क्लिनिकातच फिरत असणार, म्हणजे तुमच्या प्रत्येकाच्या खुर्चीत वर्षातून एखादा तरी येऊन जातोच. बायकांमध्ये जास्त, पन्नाशीच्या पुढं जास्त. सलमान खानला हाच आजार होता, त्यानं स्वतः जाहीर सांगितलं, २०११ ला अमेरिकेत जाऊन उपचार घेऊन आला, तेव्हा पेपरात चार दिवस आलं आणि लोक विसरले. आमच्या डेपोत मात्र मला अजून 'सलमानचा आजारवाली' म्हणतात, म्हणू दे.

फसायला होतं त्या दोन जागा मला त्या कॉलेजच्या मॅडमनी समजावून सांगितल्या, आणि मला वाटतं पत्रातली हीच गोष्ट सगळ्यात कामाची आहे. पहिली जागा भूल. दाढेशी भूल दिली की कळ थांबते, मग डॉक्टरला वाटतं बघा, दाढच होती. पण कळ सुरू करून देणारी जागा त्याच भागात असेल तर भूल दिल्यावर न्यूराल्जिया पण तेवढ्यापुरता गप्प बसतोच. त्यामुळे भूल दिल्यावर थांबलं म्हणजे दाढच गुन्हेगार, असा निकाल लावता येत नाही. दुसरी जागा जास्त वाईट. हा आजार मध्येच आपोआप थांबतो. काही आठवडे, काही महिने, कुणाचं वर्ष वर्ष काहीच होत नाही. आता समजा दाढ काढली आणि योगायोगानं तेव्हाच थांबला, तर पेशंट पेढे घेऊन येतो, डॉक्टरला वाटतं केस यशस्वी, आणि परत सुरू झालं की दोघंही म्हणतात आता शेजारची खराब झाली वाटतं. अशी एकेक करून ओळ रिकामी होते. ओपीडीच्या रांगेत मला एक आजी भेटल्या, त्यांची डाव्या बाजूची वरची सगळी ओळ गेलेली, आणि कळ तिथंच, जिथं दातच नाही त्या हिरडीत.

म्हणून ते प्रश्न. कळ किती वेळ टिकते, सेकंदात जाते की तासभर ठणकते? न्यूराल्जियाची कळ क्षणभर ते फार तर दोन मिनिटं, एकामागून एक आल्या तर पेशंटला सलग वाटते एवढंच. कातडीला नुसतं हलकं बोट, वारा, ब्रश, पाणी लागलं तरी येते का? दाढेला ठोकून बघितल्यावर येते की गालाला पीस फिरवल्यावर येते हा फरक आहे. रात्री काय होतं? किडलेली दाढ आडवं पडलं की जास्त ठणकते, झोपू देत नाही, आणि न्यूराल्जियावाला बहुतेक वेळा एकदा झोपला की झोपतो, सकाळी तोंड धुवायची वेळ आली की त्याच्या पोटात गोळा येतो. गार पाण्यानं येत असेल तर पाणी गिळल्यावर किती वेळ राहते? आणि पेनकिलरनं फरक पडला का? साध्या पेनकिलरनं ह्यात काही होत नाही, मी केटोरॉल चॉकलेटसारखी खाल्ली, ॲसिडिटी तेवढी झाली. आणि सगळ्यात सोपं, पेशंट दाखवताना गालाला हात लावतो का ते नुसतं बघा.

आता कबूल, सगळं इतकं स्वच्छ नसतं. काहींना आधी बरेच दिवस नुसती दाढ धरल्यासारखी वाटते आणि कळा नंतर सुरू होतात. काहींना दोन कळांच्या मध्ये बारीक ठसठस राहते. चिरलेली दाढ पण चावताना अशीच सणकते. आणि चेहऱ्यातलं नसेचं प्रत्येक दुखणं ट्रायजेमिनल न्यूराल्जियाच असतं असंही नाही, गिळताना घशात आणि कानात कळ जात असेल तर ती वेगळी नस, डोळा लाल होऊन पाणी वाहत असेल तर वेगळा आजार, नागीण उठून गेल्यावर राहिलेली आग वेगळी. पन्नाशीच्या वरच्या माणसाला चावताना जबडा भरून येतोय आणि कानशीलात दुखतंय, तर ती रक्तवाहिनीची सूज असू शकते आणि त्यात नजर जायची भीती असते, त्याला तर त्याच दिवशी पाठवा. मी म्हणते एवढंच, की शंका आली तर दाढ थांबू शकते. चांगल्या दाढेला आठ दिवस उशीर झाल्यानं कुणी मेलं नाही.

औषध आहे ह्याला, हे लोकांना माहितीच नाही. कार्बामाझेपिन. मूळ फिटची गोळी, १९६२ साली ब्लोम नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं ह्या दुखण्याला वापरून दाखवली, तेव्हापासून आजपर्यंत पहिल्या नंबरला हीच आहे, सरकारच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे, दोन-चार रुपयांची गोळी, तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळते. हजारोंची रूट कॅनॉल झाल्यावर दोन-चार रुपयांच्या गोळीनं मी पहिल्यांदा सलग आख्खं वाक्य बोलले तेव्हा मला रडायलाच आलं, आणि रडताना पण कळ आली नाही. पण ही गोळी शेंगदाण्यासारखी कुणालाही वाटत सुटायची नाही, हेपण सांगते. हळूहळू वाढवायला लागते, सुरुवातीला झोप येते, चक्कर येते, चालत्या गाडीत उभं राहणाऱ्या माणसाला ते परवडत नाही, मला साहेबांनी काही दिवस डेपोतच बसवलं. रक्तातलं सोडियम कमी होतं, रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या करत राहायला लागतं. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण ते स्टीव्हन्स-जॉन्सन, म्हणजे कातडी सोलवटून काढणारी औषधाची जहाल रिॲक्शन, असू शकतं, त्यात माणूस जाऊ शकतो. एचएलए-बी १५०२ नावाचा एक जीन असणाऱ्यांना त्याचा धोका जास्त आणि तो जीन आपल्या आशियातल्या लोकांत आढळतो, अमेरिकेच्या औषध खात्यानं, एफडीएनं, २००७ सालीच तसा इशारा दिला होता. आणि बघा, तोंडात फोड आले म्हणून पेशंट पहिला कुणाकडं जाणार? परत तुमच्याकडंच! तेव्हा नुसतं जेल लावून घरी पाठवू नका, नवीन गोळी कुठली चालू झालीये का विचारा.

अजून एक, हे माझ्या न्यूरोच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. कार्बामाझेपिनवर असलेल्या पेशंटला दाताच्या इन्फेक्शनसाठी एरिथ्रोमायसिन किंवा क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं तर रक्तात कार्बामाझेपिन वाढत जातं, चक्कर, उलट्या, दोन दोन दिसायला लागतं. तर लिहायच्या आधी बाईंची कुठली गोळी चालू आहे एवढं बघा. आम्ही सांगायला विसरतो कारण दाताच्या डॉक्टरला मेंदूच्या गोळीचं काय सांगायचं असं वाटतं.

गोळी पुरेनाशी झाली किंवा सोसेनाशी झाली तर पुढचं पण आहे. ऑक्सकार्बाझेपिन हिचीच बहीण, थोडी सौम्य, पण सोडियमचा त्रास तिच्यात जास्त. मग ऑपरेशन. त्याची गोष्ट तुम्हाला आवडेल. साठच्या दशकात अमेरिकेत पीटर जॅनेटा नावाचे तरुण सर्जन दाताच्या कॉलेजच्या मुलांना दाखवायला म्हणून मायक्रोस्कोपखाली नसा मोकळ्या करत होते आणि तेव्हा त्यांना ती नसेला दाबून बसलेली रक्तवाहिनी दिसली. तसं डँडी नावाच्या सर्जननं तीस वर्षं आधी हे बघून लिहिलं होतं, पण मायक्रोस्कोप नव्हता, कुणी फार मनावर घेतलं नाही. जॅनेटांनी त्यावरून ऑपरेशन बसवलं, कानाच्या मागं छोटं भोक करून आत जायचं, रक्तवाहिनी बाजूला करायची आणि मध्ये टेफ्लॉनचा बारीक बोळा ठेवायचा, नस कापायची नाही. त्यांच्या ११०० च्या वर पेशंटचा अहवाल १९९६ साली छापून आला, दहा वर्षांनी ७० टक्के लोक बिनागोळीचे आणि बिनादुखण्याचे होते. कवटी उघडायचं ऑपरेशन आहे, धोका असतोच, कानाला कमी ऐकू येणं वगैरे, पण तब्येत चांगली असणाऱ्याला सगळ्यात टिकाऊ हेच. ज्यांना एवढं झेपत नाही, वय झालंय, त्यांना गालातून सुई घालून नसेच्या मुळाशी जो तिचा स्वतःचा गोळा (गँग्लियन) असतो तिथं नस गरम करतात, ग्लिसरॉल सोडतात किंवा छोटा फुगा फुगवून दाबतात, नाहीतर गामा नाइफ असतं, त्यात चिरफाड नाही, पण फरक पडायला काही आठवडे ते महिने लागतात. ह्या सगळ्यांत नसेला मुद्दाम थोडी इजा करायची असते, त्यामुळे गाल बधिर पडू शकतो. रांगेतल्या एका काकांचा असाच बधिर होता, ते म्हणाले गालात भाजी अडकली तरी बायकोनं सांगितल्यावर कळतं, पण परत ती कळ नको, बधिर परवडलं.

माझ्या एमआरआयत आर्टरी चिकटलेली दिसलीये. ऑपरेशन सुचवलंय, मी अजून गोळीवर आहे, मुलीची शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली की बघू.

तर मागणं काय आहे. एक तर तुमच्या असोसिएशननं आणि राज्य दंत परिषदेनं ह्यावर दरवर्षी एक लेक्चर ठेवावं. इम्प्लांटवर आणि दात पांढरे करण्यावर पंचतारांकित हॉटेलात दोन दोन दिवस कॉन्फरन्स होतात, त्यात ह्याला एक तास मिळायला हरकत नाही. आणि जवळच्या डेंटल कॉलेजचा ओरल मेडिसिन विभाग आणि जवळचा न्यूरोलॉजिस्ट, ह्यांचे नंबर प्रत्येक क्लिनिकच्या टेबलावर पाहिजेत, चिठ्ठी देताना पेशंटला शोधत बसायला लागू नये. चिठ्ठीवर नुसतं 'न्यूरोकडे दाखवा' एवढं लिहू नका, कारण खेड्यातला माणूस त्याचा अर्थ मला वेड लागलंय असा घेतो आणि जातच नाही. दोन वाक्यं बोला, की दात चांगले आहेत, नसेचा आजार आहे, त्याला गोळी आहे. ह्या दोन वाक्यांसाठी मी किती हिंडले ते मलाच माहिती. आणि दोन कळांच्या मध्ये माणूस चांगला दिसतो म्हणून त्याला नाटकी समजू नका, टेन्शन घेऊ नका मावशी हे वाक्य तर बंदच करा, घरी सासू ते फुकट सांगते.

आणि ज्यांचं निदान झालंय त्यांना तुमच्या दारात उभं करून घ्या. हे कुणी बोलत नाही. आम्ही महिनोन् महिने त्या बाजूला ब्रश लावलेला नसतो, त्यामुळे तिथले राहिलेले दात खरोखर किडतात, आणि डेंटिस्ट म्हटलं की आम्ही थरथर कापतो. अशा पेशंटला गोळीचा असर पूर्ण असेल त्या वेळची अपॉइंटमेंट द्या, दुखणं शांत असेल त्या महिन्यातच मोठी कामं उरकून घ्या, भूल जरा जास्त वेळ टिकणारी द्या, तोंडात गार पाण्याचा फवारा नको, आणि ती हवा मारायची नळी असते ना थ्री-वे, ती तर त्या बाजूला आणूच नका, कापसानं टिपून घ्या.

हे मी उगाच लिहीत नाहीये. माझी डावीकडची खालची एक दाढ सध्या खरंच किडलीये, काळा खड्डा आरशात दिसतो, ठणकते पण रात्रीची, आडवं पडल्यावर, गाल दाबून धरला की बरं वाटतं, म्हणजे ह्या वेळी दाढच आहे. पुढच्या आठवड्यात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी तुमच्यापैकीच कुणाकडं तरी येणार आहे. सकाळी अकराच्या पुढची वेळ द्या, गोळी लागू पडायला तेवढं लागतं.

आपली,
एक एसटी कंडक्टर
सातारा जिल्हा